शेजारी कोण? ख्रिस्ती शेजारप्रेम, जामखेडचा प्रयोग आणि आपली मैत्री

शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्या गावात कुणी विचारत नाही. उत्तर गावाच्या रचनेतच असते. पाटलाच्या शेजारी पाटील, माळ्याच्या शेजारी माळी, बौद्ध वस्तीत बौद्ध, तिच्या पलीकडे मातंग वस्ती आणि सगळ्यांच्या बाहेर, माळावर, पारध्यांची पाले. धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्यात जा, घरे सिमेंटची झाली, दारात मोटारसायकली आल्या, तरी नकाशा थोड्याफार फरकाने हाच दिसतो. अशा गावात ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ असे सांगितले तर त्याचा सरळ अर्थ ‘आपल्या जातीवर प्रेम करा’ असा होतो. ते तर सगळेच करतात. त्यासाठी कोणत्या धर्माची गरज नाही.

मग ख्रिस्ती धर्म ज्याला आपली सर्वात मोठी शिकवण मानतो, ते शेजारप्रेम नेमके काय आहे? आपल्या भागात ते कुणी आचरणात आणले का? आणले तर त्यातून काय बदलले आणि काय बदलले नाही? बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हे समजून घ्यायला हवे असे आम्हाला वाटते. एक कारण म्हणजे आपल्या शिबिरांत ख्रिस्ती सेवाकार्याविषयी दोनच मते ऐकू येतात. एक मत म्हणते, ‘ते लोक किती सेवा करतात, आपले लोक काहीच करत नाहीत.’ दुसरे मत म्हणते, ‘ती सेवा नाही, धर्मांतराचे जाळे आहे.’ दोन्ही मते अभ्यासाविना बनलेली आहेत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. शेजाऱ्याचा प्रश्न आज आपल्याच दारात उभा आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

मूळ गोष्ट काय आहे?

‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर’ ही आज्ञा येशूच्या आधीची आहे. ती ज्यू धर्मग्रंथातील लेवीय या पुस्तकात येते. येशूने ती उचलली आणि देवावरील प्रेमाच्या जोडीला बसवून या दोन आज्ञांत सगळा धर्म आला असे सांगितले. इथपर्यंत ही एक चांगली शिकवण आहे, एवढेच म्हणता येते. तिला धार येते ती लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात. तिथे धर्मशास्त्राचा एक जाणकार येशूला अडवून विचारतो की, माझा शेजारी कोण? प्रश्न कायद्याच्या भाषेतला आहे. प्रेम करायचे तर हद्द सांगा, म्हणजे हद्दीबाहेरच्यांची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही, असा त्याचा रोख आहे.

उत्तरादाखल येशू एक गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकून दिले. मंदिराचा पुरोहित त्या वाटेने आला, बघून बाजूने निघून गेला. मंदिराचाच दुसरा सेवेकरी, लेवी, आला. तोही निघून गेला. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमा धुतल्या, तेल लावले, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या खर्चाचे पैसे मालकाच्या हाती ठेवले.

शोमरोनी म्हणजे कोण, हे कळल्याशिवाय गोष्ट कळत नाही. ज्यू समाज शोमरोनी लोकांना भ्रष्ट, मिश्र रक्ताचे आणि बाटलेले मानत असे. त्यांच्याशी भांड्यांचा व्यवहारही टाळला जाई. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. येशू विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, तेव्हा तीच दचकते. तू ज्यू असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे ती विचारते. आपल्या वाचकांना हा प्रसंग परका वाटणार नाही. भिक्खू आनंदाने विहिरीवर प्रकृती या चांडाळ मुलीकडे पाणी मागितले, तिने आपली जात सांगितली, आणि मी पाणी मागितले आहे, जात नाही, असे उत्तर आनंदाने दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृतीच्या धम्मप्रवेशाला जागा दिली आहे.

तर गोष्ट संपल्यावर येशू उत्तर देत नाही, उलटा प्रश्न विचारतो. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? इथे सगळा प्रश्नच फिरतो. ‘माझा शेजारी कोण’ हे शोधायचे नसते, ‘मी कुणाचा शेजारी होतो’ हे ठरवायचे असते. आणि शेजारधर्म शिकवणारा माणूस कोण निवडला? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही तो. आपल्या भाषेत सांगायचे तर गावाने वेशीबाहेर ठेवलेला माणूस इथे गावाला माणुसकी शिकवतो. ‘गरिबांवर दया करा’ एवढाच या गोष्टीचा अर्थ लावला जातो तेव्हा तिचा कणाच काढून घेतला जातो.

जामखेड: गोष्ट गावात उतरते तेव्हा

आपल्या जिल्ह्याच्या भूम आणि परंडा तालुक्यांना लागून अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुका आहे. जमीन तशीच हलकी, पाऊस तसाच बेभरवशाचा, माणसे तशीच ऊसतोडीला जाणारी. या जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने ‘सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. रजनीकांत यांचा जन्म १९३४ चा, राहुरीचा, शिक्षकांच्या घरातला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. पुढे नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले.

वडाळ्याला त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. रुग्णालयात गर्दी होती, उपचार चांगले होते, पण तीच मुले तोच जुलाब घेऊन पुन्हा येत होती. बरे होऊन ती त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जात होती. जखमी माणसाला उतारशाळेत नेणे आवश्यक आहे, पण रोज त्याच वाटेवर माणसे जखमी होत असतील तर वाटेचे काय, हा प्रश्न त्यांना पडला. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केले.

सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात पाठवून पाहिले. त्या बाहेरच्या, शिकलेल्या, त्यांना गाव धरेना आणि गावालाही त्या धरेनात. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. या बायकांत अनेक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि गावात परतत. बाळाचे वजन करणे, गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झाल्यावर घरच्या घरी साखर-मीठ-पाणी देणे, क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाला औषध चुकू न देणे, अशी त्यांची कामे. यातले एकही काम मोठ्या यंत्राचे नाही. तरीही १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे १७६ बालके एक वर्षाच्या आत दगावत होती, ते प्रमाण प्रकल्पाच्या गावांत १९९० च्या दशकात ३० च्या खाली आले.

हे आकडे बरेच जण सांगतात. आपल्या दृष्टीने त्यांच्या मागची सामाजिक प्रक्रिया जास्त महत्त्वाची आहे. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिलाच मराठ्याच्या, वंजाऱ्याच्या घरात बाळंतपणासाठी बोलवावे लागले. मूल वाचवायचे की विटाळ पाळायचा, यातून घराला निवड करावी लागली. ही निवड भाषणाने झाली नाही, गरजेने झाली. आणि ज्ञान त्या बाईच्या हातात असल्यामुळे ती मदत घेणारी राहिली नाही, देणारी झाली. शोमरोन्याच्या गोष्टीत जे आहे तेच इथे घडले. वेशीबाहेरच्या बाईने गावाचा जीव सांभाळला.

पाणी कुठे लागले?

प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. आरोळेंनी गावोगावी पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका घेण्याचे काम हाती घेतले. जागा ठरवताना त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या जातील अशी व्यवस्था त्यांनी केली. पाणी लागले ते आपल्या वस्तीत. गावाला तहान होती, त्यामुळे गावाला घागर घेऊन तिथे यावे लागले. एरवी दलितांनी गावाच्या विहिरीजवळ उभे राहून कुणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहायची, हा क्रम उलटला.

आपल्या चळवळीचा इतिहास पाण्याचा इतिहास आहे. १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. फुल्यांनी आपले पाणी दिले. बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. जामखेडमध्ये पाण्याची जागाच बदलली. या तीन वेगळ्या रीती आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. हक्क बजावण्यात जी प्रतिष्ठा आहे ती कुणी चतुराईने नळ आपल्या दारात आणून देण्यात नाही. पण ज्या गावात दहा-पंधरा दलित घरे आहेत आणि मोर्चा काढला तर उद्या मजुरी बंद होईल, तिथे पाण्याची जागा बदलणे हीसुद्धा एक लढाईच असते.

अशाच आणखी रीती वापरल्या गेल्या. दुष्काळात मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली गेली, तिथे मुले एकत्र जेवली. तरुणांना व्हॉलीबॉलच्या निमित्ताने एका मैदानावर आणले गेले. चेंडूला जात नसते. खेळातून शेतकरी मंडळे उभी राहिली, बायकांची महिला मंडळे झाली. जातीवर व्याख्यान न देता जातीच्या सवयी मोडायच्या, ही त्यामागची पद्धत होती.

या कामाची नोंद जगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातील लोकाधारित आरोग्य प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचारमंथनात अशा प्रयोगांचा वाटा होता. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांत यांना पद्मभूषण. आज आपल्या प्रत्येक गावात आशा ताई आहे. गावातलीच बाई निवडून तिला आरोग्याचे प्रशिक्षण द्यायचे, या कल्पनेच्या पूर्वजांत जामखेडच्या त्या बायका आहेत.

मग ही सेवा धर्मांतरासाठी होती का?

शिबिरात हमखास येणारा प्रश्न. जामखेडच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. आरोग्यसेविका होण्यासाठी किंवा उपचार घेण्यासाठी ख्रिस्ती होण्याची अट नव्हती. गावे होती त्याच धर्मात राहिली. आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा लपवली नाही आणि कुणावर लादलीही नाही.

पण या प्रश्नाची दुसरी बाजू आपण स्वतःला विचारली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या आजी-आजोबांनी जे केले ते धर्मांतरच होते. ‘धर्मांतर’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांच्या सुरात आपण सूर मिसळला तर आपण आपल्याच घराच्या पायावर घाव घालतो. आमिषाने किंवा जबरदस्तीने होणारे धर्मांतर चूक आहे, ते कुठल्याही धर्माचे असो. विचार करून धर्म बदलणे हा मात्र माणसाचा अधिकार आहे. तो आपल्याला हवा आणि ख्रिस्ती शेजाऱ्याला नको, असे म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांची टीका

शेजारप्रेमाचे कौतुक करताना बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनवर केलेली टीका विसरून चालणार नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरित ख्रिस्त्यांची स्थिती यांवर त्यांचे लेखन आहे. मिशनने शाळा, कॉलेजे, रुग्णालये काढली, पण त्यांचा लाभ मोठ्या प्रमाणात वरच्या जातींनी घेतला, हा त्यांचा एक मुद्दा. धर्म बदलूनही जात चर्चमध्ये शिरली, हा दुसरा. आणि धर्मांतरित ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध संघटित होऊन लढत नाही, हा तिसरा.

या टीकेचा गाभा असा की, दयेने माणसाचे दुःख हलके होते, पण दुःख निर्माण करणारी व्यवस्था तशीच राहू शकते. पुरोहित आणि लेवी का निघून गेले? ते व्यक्ती म्हणून वाईट होते म्हणून, की त्यांच्या धर्मव्यवस्थेने त्यांना शुद्धाशुद्धतेचे धडे दिले होते म्हणून? हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. चांगल्या माणसांची संख्या वाढवून व्यवस्थेचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

याचा पुरावा त्याच जामखेड तालुक्यात आहे. एप्रिल २०१४ मध्ये खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाची, सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून, अमानुष हत्या झाली. खटला उभा राहिला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. ज्या तालुक्यात दलित बाईच्या हातून बाळंतपणे झाली, जिथे दलित वस्तीतल्या पाण्यावर गाव जगले, त्याच तालुक्यात साक्षीच्या पिंजऱ्यात शेजारी गप्प बसले. जामखेडच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. एका संस्थेने सगळ्या तालुक्याची जात पुसावी ही अपेक्षाच अन्यायकारक आहे. पण एवढे नक्की दिसते की आजाराच्या वेळी जवळ येणे आणि न्यायाच्या वेळी पाठीशी उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजेतून होते. दुसरीत किंमत मोजावी लागते. शोमरोन्याने वेळ दिला, पैसा दिला, शिवाय लुटारूंच्या वाटेवर थांबून धोका पत्करला. शेजारप्रेमाची खरी कसोटी तो धोका पत्करण्यात आहे.

करुणा, मैत्री आणि बंधुता

आपल्या परंपरेत शेजारप्रेमासाठी तयार शब्द आहेत. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजारी होऊन आपल्याच घाणीत पडलेला असतो, कुणी त्याच्याकडे पाहत नाही. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात. मग भिक्खू संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूही जवळजवळ हेच सांगतो: भुकेल्यासाठी, आजाऱ्यासाठी, कैद्यासाठी जे केले ते माझ्यासाठी केले. दोन परंपरा इथे अगदी शेजारी उभ्या आहेत.

फरकही आहे आणि तो नीट समजून घ्यावा. ख्रिस्ती विचारात प्रेमाचा उगम देव आहे. देवाने आधी प्रेम केले म्हणून माणसाने करायचे, आणि ते आज्ञा म्हणून करायचे. धम्मात देव नाही, आज्ञा नाही. मैत्री ही मनाला लावायची सवय आहे, विचाराने आणि सरावाने येणारी. बाबासाहेबांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. करुणा माणसापुरती थांबू शकते, मैत्री सर्व जिवांपर्यंत जाते, असे त्यांनी सांगितले. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या राहतील. म्हणजे बाबासाहेबांसाठी मैत्री ही खासगी भावना नव्हती. ती राज्यघटनेच्या उद्देशिकेत बसलेली सार्वजनिक जबाबदारी होती.

त्यामुळे जामखेडकडून शिकताना आपल्याला काही उसने घ्यावे लागत नाही. आपल्याकडे तत्त्व आहे. कमी आहे ती रोजच्या कामाची रीत.

आज आपले शेजारी कोण?

आता आपल्या दाराशी येऊ.

पहिला शेजारी मातंग समाज. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी देणारा निकाल दिला आणि त्यानंतर बौद्ध आणि मातंग तरुण समाजमाध्यमांवर एकमेकांना काय काय बोलले ते आपण सर्वांनी वाचले आहे. उपवर्गीकरण असावे की नसावे, कोणत्या आकडेवारीवर असावे, यावर मतभेद असू शकतात, वाद जरूर करावा. पण आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत झालेली परिषद महार-मांग वतनदारांची होती, एकट्या महारांची नव्हती. त्या गावाला आपण अभिवादनाला जातो. मग त्या परिषदेच्या नावातला दुसरा शब्द आपण का गाळतो? मातंग वस्तीवर अत्याचार झाला तर बौद्ध वस्तीतून पहिला फोन जातो का, हा आपल्या मैत्रीचा हिशेब आहे.

दुसरा शेजारी दलित ख्रिस्ती. मराठवाड्यात आणि अहिल्यानगर भागात ख्रिस्ती झालेली असंख्य कुटुंबे महार-मांगांचीच आहेत. आडनावे तीच, भाऊबंदकी तीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. धर्म बदलला म्हणून जातीचा जाच संपत नाही, हा युक्तिवाद आपण ३४ वर्षे केला आणि तो मान्य झाला. दलित ख्रिस्ती आज तोच युक्तिवाद करत आहेत. त्यांना अनुसूचित जातीचे आरक्षण नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्राने न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. ‘आपला वाटा कमी होईल’ ही भीती खोटी नाही, आणि तिचे उत्तर वाटा वाढवून मागण्यात आहे. पण जो युक्तिवाद आपल्याला न्याय वाटला तो दुसऱ्याच्या तोंडी अन्याय कसा होतो?

तिसरा शेजारी अजून हद्दीबाहेरच आहे: पारधी, भटके, ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसे. शिवाय गावाने अलीकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केलेला मुस्लिम शेजारी.

शेजार कसा घडतो याचे एक उदाहरण आपल्या लोहारा-उमरगा भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरातील गावे नव्याने वसवली गेली. घरे मात्र जमिनीच्या मालकीवरून ठरली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखीच पाडली होती. नवी घरे देताना जमिनीचा, म्हणजे जातीचा, जुना हिशेब परत आला. गाव नव्याने मांडण्याची संधी आली तरी मनातला नकाशा बदलला नसेल तर जुनेच गाव नव्या जागी उभे राहते.

काय करता येईल?

मोठ्या निधीची वाट न पाहता करता येतील अशी चार कामे आम्ही सुचवतो.

१. विहार आरोग्यासाठी उघडा. आपली अनेक विहारे जयंती, वर्षावास आणि पौर्णिमा सोडून बंद असतात. महिन्यातून एक दिवस आशा ताई आणि उपकेंद्रातील परिचारिका यांना बोलवून रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासणी ठेवा. निमंत्रण सगळ्या गावाला द्या. गावाने विहाराच्या पायऱ्या चढणे हे जामखेडच्या पाण्यासारखेच आहे.

२. अभ्यासिका सर्वांना खुली करा. मातंग, पारधी, मुस्लिम, ख्रिस्ती मुलांना वेगळे बोलवावे लागते, ‘खुली आहे’ म्हणून ती येत नाहीत. घरी जाऊन बोलवा.

३. साक्षीदाराला एकटे सोडू नका. अत्याचाराच्या प्रकरणात मोर्चा पहिल्या आठवड्यात निघतो, साक्ष तीन वर्षांनी होते. तोपर्यंत साक्षीदाराची मजुरी, त्याच्यावरचा दबाव, त्याच्या मुलांची शाळा याकडे कोण पाहते? प्रत्येक प्रकरणात पाच जणांचा गट निकाल लागेपर्यंत त्या घराच्या संपर्कात राहिला पाहिजे. खर्ड्याच्या निकालाने हाच धडा दिला आहे.

४. सेवा करणाऱ्यांशी जोडून घ्या. आपल्या भागात ख्रिस्ती, गांधीवादी, समाजवादी, मुस्लिम अशा अनेक संस्था काम करतात. त्यांची कामाची पद्धत शिका आणि आपला हक्काचा विचार त्यांच्यापुढे मांडा. दया करणाऱ्याला न्यायाची भाषा आणि न्याय मागणाऱ्याला सेवेची सवय, दोन्हींची देवाणघेवाण झाली पाहिजे.

ख्रिस्ती शेजारप्रेमाने आपल्याला एक उपयोगी प्रश्न दिला आहे: मी कुणाचा शेजारी होतो? बाबासाहेबांनी त्या प्रश्नाला पुढची जोड दिली: आणि मी असा शेजारी होऊ नये म्हणून कोणती व्यवस्था मला अडवते? पहिला प्रश्न विसरलो तर चळवळ घोषणांपुरती राहते. दुसरा विसरलो तर सेवा मलमपट्टीपुरती राहते. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा. आपल्या गावाचा नकाशा फळ्यावर काढा, वस्त्या दाखवा, आणि गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कोण कोणत्या वस्तीत, कशासाठी गेले ते लिहा. नकाशाचा जो भाग कोरा राहील तिथून पुढच्या महिन्याचे काम सुरू करता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.